पंखावरचा वारा आणि कामगाराचा हात

हमाल आणि शेतमजूर यांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने विमानाच्या पंखावरील वाऱ्याविषयी बोलावे, हे श्रोत्यांपैकी कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही प्रथम ते तसेच वाटले. परंतु विषय आम्ही शोधीत गेलो नाही. विषयच आमच्याकडे चालून आला. गेल्या हंगामात फवारणीच्या मजुरांची एक बैठक चालू असता शेजारच्या टोमॅटोच्या प्लॉटवर एक बिनमाणसाचे लहान विमान, ज्याला आता सगळे ‘ड्रोन’ म्हणतात, ते घोंगावत आले. बैठक तिथेच थांबली. सगळे उठून बांधावर गेले. चार चाकांच्या जागी चार पंखे, पोटाला औषधाची टाकी, आणि बांधावर हातात पेटी घेऊन उभा असलेला एक पोरगेलासा चालक. बघता बघता एकराचे काम उरकले. परत येऊन बसल्यावर एका वयस्क मजुराने विचारले, “हे यंत्र आमची रोजी नेणार, की आमचा जीव वाचवणार?” आम्ही पंचवीस-तीस वर्षे व्यासपीठावरून बोलत आलो आहोत, पण त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही जे वाचले, ज्यांना भेटलो आणि जे समजले, त्याचा हा वृत्तांत आहे.

आपल्या जुन्नर तालुक्याला वाऱ्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. पावसाळ्यात नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले, की दरीत पडणारे पाणी उलटे वर उडताना दिसते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून तो कड्याला धरून वर चढतो आणि पाण्यालाही वर नेतो. खळ्यावर तिवईवर उभे राहून उफणणी करणारी बाई सूप किती उंच धरायचे आणि किती तिरके करायचे हे वाऱ्याचा अंदाज घेऊन ठरवते. दाणा पायाशी आणि भूस पलीकडे. लोहार भात्याने वारा फुंकून कोळशाचा जाळ हवा तेवढाच करतो. वाऱ्याला कामाला लावण्याची विद्या अशी आपल्या हाताला जुनीच आहे. तिचे शास्त्र मात्र फार उशिरा झाले, आणि ते कुठे झाले याची हकिकत मोठी बोलकी आहे.

जर्मनीत लुडविग प्रांटल नावाचा तरुण इंजिनियर १९०० साली न्यूरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यात नोकरीस लागला. लाकडाचा आणि धातूचा कीस कामगारांच्या यंत्रांपासून शोषून नेणारी नळ्यांची एक व्यवस्था तिथे होती. ती सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. नळी पुढे रुंद केली असता हवेचा वेग कमी होऊन दाब वाढावा अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तसे होईना. हवा नळीची भिंत सोडून देई आणि कडेला भोवरे माजत. यंत्रापुरता मार्ग त्याने काढला, पण हवा भिंत का सोडते हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. चार वर्षांनी, १९०४ च्या ऑगस्टमध्ये, हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने एक छोटासा निबंध वाचला आणि त्यात त्या प्रश्नाचे उत्तर होते. आजच्या विमानविद्येचा एक पाया त्या निबंधात आहे असे शास्त्रज्ञ मानतात. त्या पायाखालचा पहिला दगड कारखान्यातील केर ओढणाऱ्या नळीत सापडला, हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते.

प्रांटलचे म्हणणे समजायला गणित लागत नाही; कुकडीचा पाट पुरे. पाटाच्या मध्यभागी टाकलेले पान सरळ धावते. कडेला टाकलेले पान रेंगाळते. अगदी काठाला चिकटलेले पाणी जवळजवळ हलतच नाही. कठीण पृष्ठभागालगत असा एक थकलेला, मंद थर नेहमीच असतो. पाट एकाएकी रुंद झाला, की हा काठचा थर पुढे जाण्याऐवजी मागे वळतो आणि तिथे भोवरा होतो. विमानाच्या पंखाच्या पाठीवर नेमके हेच होते. पुढच्या कडेवरून हवा वेगाने चढते, पण मागच्या अर्ध्या भागात तिला वाढत्या दाबाविरुद्ध जावे लागते, म्हणजे एक प्रकारचा घाटच चढावा लागतो. पृष्ठभागालगतचा थकलेला थर त्या घाटात दम टाकतो, उलटा फिरतो, आणि वरची सगळी हवा पंखाची पाठ सोडून जाते. मग पंखाचा आधार सुटतो आणि विमान खाली येते.

माळशेज घाटातून पूर्वी भरलेल्या बैलगाड्या चढत, तेव्हा थकलेल्या जोडीवर दोनच उपाय होते. एक तर ती जोडी सोडून घ्यायची, नाही तर मदतीला ताज्या दमाची दुसरी जोडी जुंपायची. हवेच्या बाबतीतही उपाय दोनच. थकलेला थर बारीक फटीतून पंखाच्या आत शोषून घ्यायचा. अथवा त्याच्यात ताज्या, वेगवान हवेचा झोत सोडून त्याला पुढे रेटायचे. यांपैकी पहिला उपाय प्रांटलने १९०४ च्या त्या निबंधातच करून दाखवला होता. हाताने फिरवायच्या चाकाने त्याने पाण्याचा एक लहान पाट वाहता केला, त्यात एक गोल नळकांडे उभे केले, आणि त्याच्या एका बाजूच्या फटीतून पाणी शोषून घेतले. त्या बाजूला प्रवाह नळकांड्याला शेवटपर्यंत बिलगून राहिला. पंखाचा आकार न बदलता, थोडी शक्ती खर्चून, हवे तेव्हा सुरू आणि हवे तेव्हा बंद करता येईल असा प्रवाहाचा लगाम मनुष्याच्या हाती येऊ शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

सिद्ध झाले खरे. पण वापरात यायला पन्नास वर्षे लागली. याचे कारण पुष्कळजण बुद्धीच्या कमतरतेत शोधतात. आमच्या मते ते हातांच्या कामात आहे. अमेरिकेत १९६३ साली ‘एक्स-२१’ नावाचे प्रायोगिक विमान उडाले. त्याच्या पंखांना अतिशय बारीक चिरा पाडून हवा आत शोषण्याची सोय केली होती. प्रयोग शास्त्रदृष्ट्या यशस्वी झाला. परंतु त्या चिरांत धूळ बसे, किडे-चिलटे अडकत, आणि त्या स्वच्छ व गुळगुळीत ठेवणे हे न परवडणारे काम होऊन बसले. ती योजना तिथेच थबकली. प्रयोगशाळेत जिंकलेले यंत्र देखभालीत हरते. ज्याने एस.टी.च्या आगारात किंवा साखर कारखान्यात दहा वर्षे काढली आहेत त्याला हे कुणी शिकवावे लागत नाही.

दुसरा उपाय, म्हणजे झोत सोडण्याचा, अधिक दांडगा असल्यामुळे आधी रुजला. जेट इंजिन आल्यावर पंखावर फुंकायला दाबाखालची हवा फुकटात उपलब्ध झाली. १९५८ साली अमेरिकेच्या वायुदलात दाखल झालेल्या ‘स्टारफायटर’ या लढाऊ विमानात, आणि त्याच वर्षी प्रथम उडालेल्या इंग्लंडच्या ‘बकेनियर’ विमानात, इंजिनातली हवा पंखावरच्या फटीतून सोडण्याची योजना होती. आणि इथून ही कथा महाराष्ट्रात, आपल्या आळेफाट्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला येते.

१९६२ साली भारताने सोव्हिएत संघाकडून ‘मिग-२१’ घेण्याचे आणि पुढे ते इथेच बनवण्याचे ठरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस, चीनच्या आक्रमणाच्या धामधुमीत, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि १९६३ साली नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगचे काम तीन ठिकाणी वाटले गेले : इंजिने ओरिसात कोरापुटला, विद्युत्-उपकरणे हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा व जुळणी नाशिकजवळ ओझरला. १९६४ साली हे सारे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या छत्राखाली आले. द्राक्षे आणि कांदा यांच्या मुलुखात, निफाड तालुक्यातल्या पोरांनी रशियन नकाशे पुढे ठेवून स्वनातीत विमान घडवायला सुरुवात केली.

ओझरला १९७३ पासून जे ‘मिग-२१ एम’ बनू लागले, आणि १९८० ते १९८७ या काळात जे ‘मिग-२१ बिस’ बनले, त्या दोन्ही प्रकारांत पंखावर हवा फुंकण्याची ती व्यवस्था होती. तिचे काम असे. मिगचा पंख आखूड आणि पातळ. वेगात तो सुरीसारखा चालतो, पण उतरताना वेग कमी केला की त्याचा आधार डळमळतो. म्हणून उतरते वेळी पंखाच्या मागल्या कडेची झडप खाली वाकवतात. परंतु इतक्या वाकलेल्या झडपेवरून हवा वळत नाही. ती पृष्ठभाग सोडते. तेव्हा इंजिनाच्या दाबयंत्रातून थोडी तापलेली हवा नळ्यांनी आणून झडपेच्या मुळाशी असलेल्या लांबट फटीतून बाहेर सोडायची. हा झोत झडपेच्या पाठीला चिकटून वाहतो, वरच्या हवेलाही आपल्याबरोबर खाली वळवतो, आणि विमान एरव्हीपेक्षा कमी वेगात सुखरूप उतरते. अर्थात त्याची किंमतही आहे. इंजिन मंदावले तर झोत मंदावतो. इंजिन बंद पडले तर झोत नाहीसा होतो, आणि वैमानिकाला जास्त वेगातच जमीन गाठावी लागते. उसन्या बळावर मिळवलेला आधार बळ देणाऱ्याबरोबरच जातो.

आता या व्यवस्थेत ओझरच्या पत्राकामगाराचा आणि फिटरचा वाटा काय, ते पाहू. फट दोन्ही पंखांवर सारखी हवी. एका पंखावर ती थोडी अधिक उघडी, दुसऱ्यावर थोडी बंद, असे झाले तर एका बाजूचा आधार जास्त आणि दुसऱ्या बाजूचा कमी होऊन विमान जमिनीजवळ, म्हणजे सावरायला जागाच नसते अशा ठिकाणी, कुशीवर वळू पाहील. नळीच्या सांध्यातून गरम हवा गळता कामा नये. सूत्र प्रांटलचे असेल, नकाशा मॉस्कोचा असेल. पण तो झोत दोन्हीकडे समान वाहील की नाही हे निफाड-सिन्नरच्या कामगाराच्या कानशीवर आणि मापकाच्या पट्टीवर ठरत होते. मिगमालेची सहाशेंहून अधिक विमाने या देशात बनली. त्यांतली शेकडो अपघातांत गेली आणि अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले, हेही याच इतिहासाचे पान आहे. ते आम्ही झाकून ठेवीत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला वायुदलाने समारंभपूर्वक निरोप दिला. भाषणे झाली, मानवंदना झाली. वैमानिकांचा गौरव योग्यच होता. परंतु तीस-तीस वर्षे त्या फटी मोजणाऱ्या हातांची नोंद कोणत्या बखरीत होणार? म्हणून ती आम्ही या छोट्याशा सभेत करून ठेवीत आहोत.

इथे एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून त्याचा निकाल आधीच लावू. बिनमाणसाचे विमान तर १८९५ सालीच गिरगावच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी उडवले, मग परक्यांची गोष्ट कशाला सांगता, असे पुष्कळ लोक अभिमानाने विचारतात. तळपदे हे खरे गृहस्थ, त्यांची जिज्ञासाही खरी. पण त्या उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगितला जातो, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांनी निर्णय दिला. खोट्या मोठेपणाने खऱ्या माणसांचे काम झाकले जाते, ही आमची तक्रार आहे. ओझरची फट खरी आहे. तिच्यावर अभिमान बाळगायला कुणाची हरकत नसावी.

आता मोठ्या विमानाकडून लहानाकडे वळू. लहान झाले म्हणजे सोपे झाले असे वाटते. पण हवेच्या बाबतीत उलट आहे. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८३ साली नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवले, की प्रवाह शांत राहील की खवळेल हे वेग, आकार आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या एका प्रमाणावर अवलंबून असते. प्रवासी विमानाच्या पंखाला हे प्रमाण कोटींच्या घरात असते. हातभर पंखाच्या विमानाला ते लाखाच्या आसपास किंवा त्याखाली घसरते. तिथे हवा जणू अधिक चिकट होते. पंखावरचा थर शांत वाहतो, आणि शांत थर घाट चढायला फार दुबळा असतो. तो लगेच पृष्ठभाग सोडतो. त्यातून बांधावरच्या झाडामागून आलेली एखादी झुळूक मोठ्या विमानाला जाणवणारही नाही, ती या चिमुकल्याला उलथून टाकते.

याला बिनखर्चाचे काही उपाय आहेत, आणि ते निसर्गाने आधी केले आहेत. कांद्याच्या बाजारावर घिरट्या घालणारी घार उतरताना पाहा. पंखाच्या पुढच्या कडेला ती अंगठ्यासारखे एक लहान पीस उचलते. त्या फटीतून गेलेली हवा पंखाची पाठ धरून ठेवते. १९१४ साली प्रांटलने चेंडूभोवती नुसती एक बारीक तार बांधून दाखवले, की थर मुद्दाम खवळवला तर तो पृष्ठभागाला अधिक वेळ बिलगतो आणि विरोध कमी होतो. आपल्या खोडदच्या महादुर्बिणीत तर तिसरीच युक्ती आहे. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या भरीव पत्र्याच्या असत्या, तर वाऱ्याचा मारा सोसायला केवढे लोखंड लागले असते! गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी त्या बारीक तारेच्या जाळीच्या केल्या. रेडिओलहरी जाळीवर अडतात, वारा आरपार जातो. वाऱ्याशी भांडण नको, त्याला वाट द्या, असा हा शहाणपणा आपल्या तालुक्यातच उभा आहे.

परंतु तार असो, पीस असो की जाळी असो, ती एका परिस्थितीपुरती नेमकी असते. तार तर कायमची जागेवर राहते आणि नको तेव्हाही अडथळा करते. झुळूक ओळखून क्षणात जागा होणारा आणि क्षणात निजणारा उपाय हवा असेल, तर प्रवाहाला सक्रियपणे लगाम घालावा लागतो. लहान विमानात मिगसारखे इंजिन नाही; विजेरी आहे, आणि तिचा प्रत्येक तोळा मोजलेला. जड पंप आणि नळ्या तिथे चालत नाहीत. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत दोन हलक्या युक्त्या पुढे आल्या. पहिलीत पंखाच्या कातड्याखाली एक लहानशी पोकळी आणि तिच्यात विजेने थरथरणारा पडदा असतो. पडदा मागे गेला की छिद्रातून हवा आत येते, पुढे आला की झोताने बाहेर जाते. बाहेरून हवा आणायला नळी नको. तिथलीच हवा घ्यायची आणि तिथेच फुंकायची. लोहाराचा भाता नखाएवढा करून सेकंदाला शेकडो वेळा हलवावा, तसे हे आहे. दुसरीत दोन पातळ धातूच्या पट्ट्यांमध्ये निरोधक थर ठेवून हजारो व्होल्टचा दाब देतात. हवेचे कण विद्युद्भारित होऊन पृष्ठभागालगत सरकतात आणि सेकंदाला काही मीटर वेगाचा मंद वारा तयार होतो. मोठ्या विमानाला तो वारा किस पट्टीला? पण सावकाश उडणाऱ्या लहान पंखाला तोच पुरेसा ठरतो. अर्थात पाऊस आणि धूळ यांत हे टिकवणे हा इथेही खरा प्रश्न आहे. ‘एक्स-२१’ चा धडा अजून जुना झालेला नाही.

या प्रयत्नांचे फळ हळूहळू दिसू लागले आहे. इंग्लंडात २०१० साली ‘डेमन’ नावाच्या बिनमाणसाच्या विमानाने हलत्या झडपांऐवजी हवेच्या झोतांवर आपली दिशा सांभाळून दाखवली. २०१९ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने झालेल्या ‘मॅग्मा’ या चार मीटर पंखाच्या विमानाने तेच काम अधिक नेटके केले. २०१५ साली बोइंग आणि नासा यांनी एका मोठ्या विमानाच्या शेपटीवर ३१ डुलणारे झोत बसवून चाचणी घेतली. हा डुलणारा झोत, ज्यात हलणारा एकही भाग नसून हवा आपोआप डावी-उजवीकडे झुलते, त्याचा एक गरीब भाऊ पुष्कळ मोटारींच्या पुढच्या काचेवर पाणी फवारणाऱ्या तोटीत असतो. आमच्या ड्रायव्हर मित्रांनी तो रोज पाहिला आहे; फक्त त्याला कुणी शास्त्र म्हटले नव्हते.

आपल्याकडेही हात रिकामे नाहीत. मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली आणि संरक्षण संशोधन संस्थेबरोबर ‘नेत्र’ हे लहान विमान बनवले. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावचे गावठाण ड्रोनने मोजून पाहण्याचा प्रयोग झाला, आणि पुढे २०२० साली तीच रीत ‘स्वामित्व’ योजनेच्या नावाने देशभर गेली. २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचतगटांना १५,००० ड्रोन देण्याचे ठरले. म्हणजे बांधावर उतरलेले ते यंत्र पाहुणे नाही. ते राहायला आले आहे.

आता त्या वयस्क मजुराच्या प्रश्नाकडे येऊ. त्याला ‘जीव’ हा शब्द उगाच सुचला नव्हता. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो इस्पितळात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. पंप जोरदार होते. औषधाचे तुषार वर उडून वाऱ्याने माणसाच्याच तोंडावर येत होते. म्हणजे माणसे मेली ती विषाने, पण ते विष नाकापर्यंत आणले हवेच्या बेलगाम प्रवाहाने. ज्याला शास्त्रज्ञ प्रवाह-नियंत्रण म्हणतात, त्याचा अभाव यवतमाळात स्मशानापर्यंत गेला. ड्रोनचे पंखे हवा खाली ढकलतात, आणि ती हवा तुषारांना पानांच्या आतपर्यंत नेते. माणूस बांधावर दूर उभा असतो. या अर्थाने यंत्र जीव वाचवू शकते हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. विषाच्या ढगात माणसाला उभे करून मिळणारी रोजी टिकवा, अशी मागणी कोणतीही संघटना करू शकत नाही. आम्हीही करणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. पाठीवरच्या पंपाने एकराला शे-दीडशे लिटर वा अधिक पाणी लागते. ड्रोन दहा लिटरच्या आसपास भागवतो. पाणी कमी, म्हणजे औषध तितके दाट. ते दाट औषध कालवून टाकी भरणारा हात कुणाचा? चालक पेटी धरून उभा असतो. टाकी भरतो तो मजूरच. तुषार बारीक, म्हणून यंत्र जरा उंच गेले किंवा वारा वाढला, की तो ढग शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बायांवर जाणार. म्हणजे धोका नाहीसा झाला नाही. त्याने जागा बदलली. आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालक होण्यास दहावी उत्तीर्ण असावे लागते. ज्याने वीस वर्षे वाऱ्याची दिशा गालावर ओळखून फवारणी केली, पण शाळा सातवीत सुटली, त्याला त्या पेटीला हात लावता येत नाही. त्याची रोजी जाते. आणि राहते ती फक्त टाकी भरण्याची जोखीम.

आमचे शिक्षणही असेच बाहेरचे, ग्रंथालयाच्या बाकावरचे. म्हणून हा नियम आम्हांला बोचतो. विमानविद्येला शिस्त नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या विद्येचा पाया केर शोषणाऱ्या नळीत घातला गेला, जिची परीक्षा ओझरच्या कामगाराच्या हातांनी दिली, ती विद्या मजुराला दाखल्याअभावी दारात उभी करते, हा न्याय नव्हे. आमच्या मागण्या साध्या आहेत. फवारणीच्या जुन्या मजुरांना प्रशिक्षणात प्रथम जागा द्या, आणि दाखला नसेल तर तो मिळवण्याची सोय त्याच प्रशिक्षणात करा. औषध कालवणाऱ्याला हातमोजे, मुखवटा आणि विमा यांशिवाय टाकीजवळ जाऊ देऊ नका. बांधावर वारा मोजण्याचे साधन ठेवा, आणि वारा वाढला तर यंत्र थांबवण्याचा अधिकार चालकाइतकाच मजुरालाही असू द्या. एकरामागे जी बचत होते, तिचा एक हिस्सा त्या गावच्या मजुरीत दिसू द्या.

त्या बैठकीतल्या मजुराला आम्ही पुढे जाऊन भेटलो आणि एवढेच सांगितले : यंत्र तुमची रोजी नेईल की जीव वाचवील, हे यंत्राच्या पोटात लिहिलेले नाही, ते तुमच्या-आमच्या संघटनेत लिहिले जाईल. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “मग मला ते चालवायला शिकवा. वारा कुठून येतो ते मी त्याला शिकवीन.”

आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्याला मुका पशू समजून पंडितांनी हिणवले, त्याच्या मुखातून वेद उमटले अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे. चमत्कार झाला की नाही याचा वाद आम्ही करीत नाही. पण त्या कथेचा अर्थ या मातीला समजलेला आहे, म्हणून तिने पंडितांची नव्हे, रेड्याची समाधी जपली. वाऱ्याची विद्या जाणणारी अशी पुष्कळ मुकी माणसे आज या फाट्यावर रोज सकाळी कामाची वाट पाहत उभी असतात. त्यांना बोलते करणे, हे या पुढच्या हंगामाचे आपले काम आहे.